पायाशी दुसरा ब्रेक

— अहो काकू, वायपर! तो वायपर आहे, इंडिकेटर दुसऱ्या हाताला — असू दे, असू दे, काच तरी पुसली गेली, नाहीतर मी कधी पुसणार होते. आता सावकाश डावीकडे. क्लच पूर्ण दाबा, दुसरा गिअर — हा चौथा पडला, पण ठीक आहे, गाडी समजूतदार आहे आपली — आणि घाबरायचं नाही, हे बघा, माझ्या पायाशी दुसरा ब्रेक आहे. शिकवायच्या गाडीची हीच तर गंमत, तुम्ही कितीही गोंधळ घाला, शेवटचा शब्द माझ्या पायाचा. नऊ वर्षं शिकवतेय, एकदाही कुणाला ओरखडा येऊ दिला नाही. एक दंतवैद्य होता, त्यानं ही गाडी सरळ फळांच्या दुकानात घातली होती जवळजवळ, तिथंसुद्धा संत्र्यांपासून वीतभर अंतरावर थांबवली मी. वीतभर! दुकानदार बिचारा हात वर करून उभा, दरोडा पडल्यासारखा. काय म्हणालात? कोट? हो, घातलाय, मला जरा थंडी वाजतेय. तुम्हाला उकडतंय का? मग काच खाली — नको, नको, दोन्ही हात स्टिअरिंगवर! मी करते.

वास येतोय? लिंबाचा ना? येणारच, तीन सुगंधी पाकिटं लावलीत मी. एक आरशाला, एक सीटखाली, आणि एक — एक माझ्या पर्समध्ये आहे. जुनी गाडी आहे हो, जुन्या गाड्यांना वास येतो. तुम्ही पुढे बघा. तुमचं हे एक बरं आहे काकू, तुम्ही बोलत नाही. पस्तीस वर्षं वाचनालयात काढल्यावर माणूस असंच होणार म्हणा. बाकीचे शिकायला येतात ते नुसते बोलतात — गाडी बंद पडली की रस्त्याला दोष, गिअर पडला नाही की कंपनीला दोष. तुम्ही परीक्षेत दोनदा नापास झालात, पण तोंडातून अक्षर नाही. परीक्षक मला म्हणाला, बाई चालवतात छान, पण उजवीकडे वळतच नाहीत. मी म्हटलं, वळतील. अकरा धडे झाले, अजून आपण त्याच चार डाव्या वळणांच्या चौकोनात फिरतोय, गोदाम, शाळा, सिग्नल, परत गोदाम, पण मी म्हटलं, वळतील. उद्या परीक्षा आहे, आज वळायचंच. आज नाही तर — बरं, या फेरीला नको, पुढच्या फेरीला. सिग्नलपाशी ते मोठं हॉस्पिटल आहे ना पलीकडच्या बाजूला, तिथं समोरची वाहतूक ओलांडून उजवीकडे आत शिरायचं. पुढच्या फेरीला.

गेल्या आठवड्यात तुमचा धडा बुडाला त्याबद्दल माफ करा हं. नणंदेनं काय सांगितलं तुम्हाला ऑफिसातून? पोट बिघडलंय? हं. तिला मीच तसं सांगितलं होतं. खोटं नव्हतं तसं, पोटाचंच होतं. तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही कुणाला सांगणार, तुम्ही तर मला 'थांबा' म्हणायलासुद्धा दोन चौक घेता. दिवस गेले होते मला, काकू. एक्केचाळीसाव्या वर्षी! थोरली बारावीला, धाकटी माझ्यापेक्षा चार बोटं उंच, आणि मी सकाळी ब्रशला पेस्ट लावते तर ओकारी. मला वाटलं, आता काय आपलं ते सगळं संपत आलं, काळजी कसली घ्यायची. डॉक्टरीणबाईंना तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, 'असं वाटणाऱ्या सगळ्याजणी मला इथेच भेटतात.' — क्लच, क्लच, क्लच! बंद पडली. काही हरकत नाही. किल्ली फिरवा. मागच्याला हॉर्न वाजवू दे, त्याला काही कळत नाही, तोही कधीतरी कुणाकडे तरी शिकलाच असेल.

तर मला नको होतं. सरळ सांगते, नको होतं. यांना फोन केला, हे जहाजावर स्वयंपाकी आहेत, वर्षातले आठ महिने पाण्यावर. म्हणाले, शरीर तुझं, तुला पटेल ते कर, मी तुझ्या बाजूला आहे — आणि रडायलाच लागले. मग पंचवीस मिनिटं मीच त्यांना समजावतेय! माझी धाकटी बहीण म्हणाली, कशाला डॉक्टर, माझ्या ओळखीचा औषधवाला आहे, गोळ्या देईल, घे आणि मोकळी हो. मी म्हटलं, बाई गं, मी टायरमधली हवासुद्धा मीटर लावल्याशिवाय मानत नाही, पोटाचा कारभार अंदाजपंचे करू का? गेले रीतसर. आणि बरं झालं गेले, कारण डॉक्टरीणबाईंनी आधी सोनोग्राफी केली — किती आठवडे झालेत, आणि मुख्य म्हणजे गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत तर नाही अडकलेला. नळीत असला तर या गोळ्या कामाच्या नाहीत, जिवावरचं होऊ शकतं. मग रक्त तपासलं, गट बघितला, कुठली औषधं चालू आहेत विचारलं. सात आठवडे निघाले. ब्रेक, हलकेच — छान, ती मांजर तुमचे आभार मानेल.

पहिली गोळी गुरुवारी, तिथेच, त्यांच्यासमोर. एकच. पाण्याबरोबर गिळली आणि परत येऊन दोन धडे घेतले मी. मग शनिवारी घरी चार गोळ्या. आणि त्या गिळायच्या नाहीत, काकू, गालात धरायच्या! दोन या गालात, दोन त्या गालात, अर्धा तास, हळूहळू विरघळेपर्यंत. आता तुम्ही मला ओळखता. मी! अर्धा तास तोंड बंद! बाळंतपणातसुद्धा मी नर्सला सल्ले देत होते. बसले आपली खोलीत, घड्याळ समोर ठेवून, गाल फुगवून, आणि चार मिनिटं होतात न होतात तोच सासूबाई आत. एरवी माझ्या खोलीत यायच्या नाहीत, पण त्या दिवशी आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, 'बैठकीचे पडदे मला जांभळे करायचेत, तुझं काय म्हणणं आहे?' मी काय म्हणणार! मान हलवली. 'माझा भाऊ महिनाभर राहायला येतो म्हणतोय.' मान हलवली. 'त्याचा कुत्रा पण आणेल.' डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलवली. 'सकाळचा रेडिओ मी मोठ्यानं लावते, तुला त्रास तर होत नाही ना?' आता यावर नाही म्हणायला मान आडवी हलवली तर गोळी हलते, म्हणून उभीच हलवली, तर त्या म्हणाल्या, 'त्रास होतो? मग आजवर बोलली का नाहीस?' काकू, एकोणीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघी इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो. शेवटी उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. कशाला कोण जाणे. — डावीकडे. इंडिकेटर. वायपर आहे तो. असू दे.

मग दुपारी सुरू झालं. दुखलं हो, खोटं कशाला बोलू, पाळीपेक्षा चांगलंच जास्त. हुडहुडी, मळमळ, जुलाब, आणि रक्त, गाठी पडल्या. पण हे सगळं होणार हे डॉक्टरीणबाईंनी आधी सांगून ठेवलं होतं, दुखण्याची गोळीही दिली होती, आणि एक कागद — तो बघा, तुमच्या डोक्यावर, उन्हाच्या झापेच्या मागे खोचलाय. वर बघू नका! पाठ आहे मला तो, खुणांसारखा. मी त्यांना तसंच म्हटलं, डॉक्टरीणबाई, मी लोकांकडून रस्त्याच्या खुणा पाठ करून घेते, तुम्ही माझ्याकडून करून घ्या. तिथेच म्हणून दाखवल्या. एका तासात दोन पॅड पूर्ण भिजले, आणि असं लागोपाठ दोन तास चाललं — लाल दिवा, लगेच निघायचं. दुखण्याच्या गोळीनंसुद्धा पोटदुखी थांबत नाही, एका कुशीला कळ, खांदा दुखतो, चक्कर येते — लाल दिवा. आणि उलट, चार गोळ्या घेऊन दिवस उलटला आणि रक्त जवळजवळ गेलंच नाही, तरी फोन करायचा, कारण मग गोळ्या लागू पडलेल्या नाहीत. हे तर मला ठाऊकच नव्हतं, मला वाटायचं, रक्त गेलं नाही म्हणजे सुटलो. मळमळ आठवड्यानंतरही तशीच राहिली, तरी दाखवायचं. नंतर थोडं थोडं रक्त दोन आठवडे जाऊ शकतं, त्याला घाबरायचं नाही. आणि सगळं नीट झालंय ना, ते एकदा तपासून घ्यायचंच, आपल्या मनानं ठरवायचं नाही. सांगा, पाठ आहे की नाही? डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, 'शिकवणाऱ्यांचीच मला जास्त भीती वाटते.' कशाला म्हणाल्या तसं, काय माहीत.

एक राहिली ना खूण? तुम्ही मोजताय होय! तापाची. तापाचं असं आहे — गोळ्यांच्या दिवशी कणकण आली, हुडहुडी भरली, तर चालतं, त्या औषधानंच येते, दिवसभरात उतरते. पण दुसऱ्या दिवसानंतर ताप नको. शंभर पॉइंट चार आणि वर गेला की फोन करायचा, दिवस असो रात्र असो. आणि पांढरं जातं त्याला — त्याला घाण वास आला तर. तर तोही लाल दिवा. दोन्ही मिळून असतील तर वाटच बघायची नाही. आत काहीतरी राहिलंय आणि जंतुसंसर्ग झालाय, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. ही गाडी पुढे का उभी आहे? जा, जा बाजूनं. जागा आहे. तुमची गाडी तुम्हाला वाटते तेवढी रुंद नाही.

मला? मला कुठे ताप. कणकण आहे, परवा संध्याकाळपासून. काल मोजला धाकटीच्या थर्मामीटरनं, एकशे एक. पण ते थर्मामीटर एकदा पडलंय. सकाळी? सकाळी मोजला नाही, सकाळी जिन्यात जरा अंधारी आली म्हणून पायरीवर बसले, तेवढ्यात तुमच्या धड्याची वेळ झाली. उन्हातान्हात गाडीत बसून कुणालाही कणकण येईल. बघू नका असं माझ्याकडे, रस्ता बघा! रस्ता तिकडे आहे! आणि वास — वास जुन्या गाडीला येतो म्हटलं ना मी तुम्हाला. नऊ वर्षांची गाडी आहे. काल-परवापर्यंत येत नव्हता हे खरं आहे.

उद्या परीक्षा आहे तिघांची, काकू. तुम्ही, तो न्हावी आणि ती जुळ्यांची आई. तिघांना मी वचन दिलंय. आज हॉस्पिटलात गेले तर ठेवून घेतील, नणंदेला कळेल, तिच्याकडून सासूबाईंना कळेल, आणि मग घरात — तुम्हाला नाही कळायचं. आणि दुसरं सांगू? हे कुणालाच सांगितलं नाही मी. मला वाईट वाटलं नाही. शनिवारी संध्याकाळी दुखायचं थांबलं तेव्हा मी पलंगावर पडले होते आणि मला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की मी चक्क गुणगुणत होते. रडू येईल म्हणून रुमाल काढून ठेवला होता, तो तसाच घडी घातलेला. आणि मग सोमवारी ताप आला. तेव्हा मनात आलं, हं, गुणगुणलीस ना, घे आता. म्हणून गप्प बसले. मी, गप्प! मूर्खपणा आहे, मला कळतंय. तापाला काय माहीत कोण रडलं आणि कोण गुणगुणलं, ताप तो ताप. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कान धरून नेलं असतं मी तिला, आणि इथे स्वतःचा दिवा लाल झालेला दिसतोय तरी — सायकल! काकू, साय—

थांबली. थांबली गाडी. गेला तो, काही झालं नाही, शिट्टी वाजवत गेला. श्वास घ्या. बघा, म्हणून म्हणते, दुसरा ब्रेक असला की — काय? मी दाबला ना. मी — नाही दाबला? तुम्ही दाबलात? माझा पाय तर अजून इथेच, चटईवर. उचललाच नाही. उचलायचं ठरवलं होतं मी, पण तो निघेपर्यंत तुमचा दाबून झाला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा, काकू. तो मुलगा जर आणखी हातभर — पाणी नको. बरी आहे मी. हात गार नाहीत माझे, भाजतायत? तुमचे गार असतील.

चला, निघू या, इथे थांबता येत नाही. पहिला गिअर. गंमत सांगते, बोलले की बरं वाटतं मला. शनिवारी दुपारी मी न्हाणीघरात होते तेव्हा बाहेर दाराशी कुणीतरी गरम पाण्याची रबरी पिशवी आणून ठेवली होती, टॉवेलात गुंडाळून. आणि नवीन पॅडचं पाकीट. धाकटीनं ठेवलं असणार, ती तशी हुशार आहे. पण धाकटी तर — शनिवारी तिच्या पोहण्याच्या स्पर्धा होत्या, दिवसभर. थोरली तिच्याबरोबर. मग घरात कोण होतं? घरात फक्त — थांबा हं. थांबा. पडदे जांभळे करायचेत हे विचारायला कुणी खुर्ची ओढून अर्धा तास बसतं का? बरोबर माझा अर्धा तास भरेपर्यंत. बाईचं लक्ष सारखं घड्याळाकडे होतं, मला वाटलं, रेडिओची वेळ होतेय. कागद तर मी झापेमागे शनिवारी रात्री खोचला, तोवर उशाखाली होता. अंथरूण त्याच झटकतात. काकू, त्यांना माहीत होतं हो! आणि वर कुत्रासुद्धा कबूल करून घेतला माझ्याकडून! काय बाई आहे ही!

हसू नका, पोटात कळ येते हसलं की. बरं, ऐका, सिग्नलवर नेहमीसारखं डावीकडे, आज काही वळायला नको, तुम्हीही दमलात. घरी जाते, पडते, संध्याकाळी फोन करते डॉक्टरीणबाईंना. नक्की करते. संध्याकाळी. डावीकडे, काकू. ही रांग उजवीकडची आहे. काकू, तुम्ही — हा इंडिकेटर लागलाय. वायपर नाही, इंडिकेटर! आणि उजवा! अहो, समोरून ट्रक येतोय — हो, जाऊ द्या त्याला, बरोबर — आरसा बघितलात? बघितलात. क्लच — हो. दुसरी मोटार — थांबा — आता. आता मोकळं आहे. पण तुम्ही कधी वळला नाहीत, काकू, आणि मी सांगितलेलं नाही वळायला, गाडीत मी सांगेन ते — माझ्या पायाशी ब्रेक आहे, मी कधीही दाबू शकते, लक्षात ठेवा, आत्ता दाबू शकते.

वळलात. अहो, वळलात की! एका दमात, दुसऱ्या गिअरमध्ये, घासाघीस नाही, काही नाही. परीक्षक असता तर — काय? हो, पाय ब्रेकवरच होता. दाबला नाही. नाही दाबला.

त्या पाटीपाशी नाही, तिथे रुग्णवाहिका लागते — बरं, लागू दे. हँडब्रेक. न्यूट्रल. किल्ली माझ्याकडे द्या, तुम्ही एकटीनं चालवायची नाही, परवाना उद्या मिळेल. नणंदेला फोन करा, गाडी न्यायला सांगा, उद्या परीक्षेला तुम्ही, न्हावी आणि ती जुळ्यांची आई तिच्यावर. आणि सासूबाईंना — सासूबाईंना मी करते. कागद काढा झापेमागचा, लागेल आत. सरका, दार उघडू दे. काय हो दादा? चाकांची खुर्ची? अहो, तिकडे कुठे नेताय, त्यांना काही झालेलं नाही! त्यांचे नुसते केस पिकलेत. इकडे आणा. इकडे.

मी. पेशंट मी आहे.